इंग्रजी परिच्छेद आणि आमचा सांचा

आमच्या विद्यार्थ्यांस इंग्रजी येत नाहीं, ही तक्रार आतां इतकी जुनी झाली आहे कीं, ती करणाऱ्यास विचार करण्याची गरजच उरलेली नाहीं. उत्तरपत्रिका तपासतांना आम्हांस मात्र निराळेंच दिसतें. शब्द बरे असतात, व्याकरणही पुष्कळदां निभावतें, आणि तरीही परिच्छेद वाचून संपल्यावर लिहिणाऱ्यास काय सांगावयाचें होतें, तें हातीं लागत नाहीं. हा दोष भाषेचा नव्हे, मांडणीचा आहे. आणि तो विद्यार्थ्यांहून आम्हां शिक्षकांच्या पदरांत अधिक पडतो.

मांडणी म्हणून आम्ही शिकवितों काय? एक सांचा! पहिल्या वाक्यांत विषय सांगावा, मग तीन मुद्दे द्यावे, शेवटीं पहिलेंच वाक्य शब्द बदलून पुन्हां लिहावें, आणि मधून मधून ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’ पेरावें. या सांच्याचे कैवारी अलेक्झांडर बेन यांच्या १८६६ सालच्या ग्रंथाकडे बोट दाखवितील. स्कॉटलंडांत अ‍ॅबरडीन येथें तर्कशास्त्र व इंग्रजी शिकविणाऱ्या या पंडितानें परिच्छेदाचे सहा नियम घालून दिले, हें खरें. पण विषय आरंभीं सांगणें हा त्या सहांपैकीं केवळ एक, आणि त्यासही अपवाद ठेवलेला. वाक्यांचा परस्परसंबंध उघड असावा, विषयांतर होऊं नये, मुख्य व गौण गोष्टींस त्यांच्या मानानें जागा मिळावी, हे नियम आम्हीं सोडले. सोपा तेवढा उचलला. पुढें १९७४ सालीं रिचर्ड ब्रॅडॉक या अमेरिकन अध्यापकानें नामांकित मासिकांतील निबंध तपासले, तेव्हां विषयवाक्यानें आरंभ होणारे परिच्छेद शंभरांत सुमारें तेराच भरले!

‘पावसाळा’ या विषयावरील ठराविक इंग्रजी परिच्छेद पाहा. पाऊस उपयुक्त आहे; शेतकरी आनंदतो; मोर नाचतो; पूर येतात; म्हणून पाऊस उपयुक्त आहे. यांतील मोर पुराच्या मागें न्या, शेतकरी मोराच्या मागें न्या. कांहीं बिघडत नाहीं. जेथें वाक्यें हलवून कांहीं बिघडत नाहीं, तेथें परिच्छेद नाहीं, नुसती यादी आहे. आतां त्याच मुलास विचारा कीं, कोंकणांत शंभर इंचांवर पाऊस पडतो, मग वैशाखांत विहिरी कां आटतात? तो सांगूं लागेल: सह्याद्रि समुद्रापासून फार दूर नाहीं, म्हणून नद्या आखूड व उताराच्या, उतार मोठा, म्हणून पाणी न थांबतां समुद्रास मिळतें, जें जमिनींत मुरतें, तेंही सच्छिद्र जांभा दगड फार काळ धरून ठेवीत नाहीं, म्हणून एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यांत टंचाई. येथें एका वाक्याचा हात सोडला कीं दुसरें पडतें. हें इंग्रजींत लिहितांना त्याचें क्रियापद चुकेल. चुकूं द्या, तें तांबड्या शाईनें सुधारतां येतें. नसलेला विचार कोणत्या शाईनें सुधारणार?

सांचा नवशिक्यास आधार देतो, असें कोणी म्हणेल. आम्ही तें नाकारीत नाहीं. पोहणें शिकणाऱ्याच्या कमरेस भोपळा बांधतात. पण तो पाण्यांत उतरलेला असतो. आम्ही भोपळा बांधून मुलांस जन्मभर काठावर उभें करतों, आणि पुढें त्यांस पोहतां येत नाहीं म्हणून हळहळतों!

उपाय अवघड नाहीं. परिच्छेद लिहिण्यापूर्वीं मुलानें आपलें म्हणणें एका वाक्यांत, हवें तर मराठींत, सांगावें. मग लिहिलेल्या प्रत्येक वाक्यास ‘हें येथेंच कां?’ असें विचारावें. उत्तर न देणारें वाक्य खोडावें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ काढली. इंग्रजी निबंधकारांच्या वाचनांतून त्यांनीं युक्तिवादाची बांधणी उचलली आणि ती मराठींत उभी केली. बांधणी एका भाषेंतून दुसरींत जाऊं शकते, ती अशी. मग मराठींत नीट विचार करणाऱ्या मुलानें ती इंग्रजींत कां नेऊं नये?

मात्र यास वेळ लागतो. मुलास बोलतें करावें लागतें, त्याचें ऐकावें लागतें. गाईडांतील तयार परिच्छेद पाठ करून घेण्यास यांपैकीं कांहींच लागत नाहीं. आणि आमच्या शाळांत, व घरींही, तोच मार्ग लोकप्रिय आहे.