बालकांच्या हृदयावरणाच्या क्षयासंबंधी जाहीर आवाहन



क्षय म्हटला, की खोकला आणि बेडक्यातून पडणारे रक्त एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी ज्याचा शोध जगापुढे मांडला, तो जंतू फुफ्फुसापुरता थांबत नाही, आणि लहान मुलांमध्ये छातीतील गाठींमधून तो क्वचित हृदयावरणात, म्हणजे हृदयाभोवतीच्या दुपदरी पातळ पिशवीत, शिरकाव करतो, हे पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते.

या दोन पदरांमध्ये पाणी साचू लागले, की हृदयाला नीट फुलण्यास जागा उरत नाही. मुलास सायंकाळी बारीक ताप येतो, अंग वाळते, खेळता खेळता धाप लागून ते मटकन खाली बसते. पुढे त्याला उताणे निजवत नाही, म्हणून रात्र रात्र ते आईच्या खांद्यावर ओणवे होऊन काढते, मानेच्या शिरा फुगतात, पाय सुजतात आणि हातापायांच्या काड्या होत असताना पोट मात्र सुटत जाते. पोट सुटले म्हणून कोणी कावीळ म्हणतो, कोणी जंत, कोणी दृष्ट, आणि या तर्कवितर्कांत मोलाचे आठवडे निघून जातात. (दृष्ट काढण्यास आमची हरकत नाही, फक्त ती काढून झाल्यावर त्याच दिवशी मुलास दवाखान्यात न्यावे.) छातीच्या फोटोत हृदयाची छाया सुरईसारखी रुंदावलेली दिसते, टू-डी इकोत साचलेले पाणी दिसते, आणि ते फार झाले असल्यास सुई घालून तातडीने काढावे लागते, त्या प्रसंगी संमतीच्या कागदावर सही करण्यास वडीलधाऱ्यांची वाट पाहत बसणे मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. अशा मुलापासून इतरांस क्षय जडण्याचा संभव फारच थोडा. त्याला स्वतःला मात्र तो बहुधा घरातल्याच, निदान निकटच्या, कोणा खोकणाऱ्या प्रौढ माणसापासून जडलेला असतो. तेव्हा मुलाला निराळे ताट-वाटी देऊन कोपऱ्यात बसविण्याऐवजी, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणारे आजोबा, चुलते अथवा शेजारी यांचा बेडका तपासून घ्यावा, आणि घरातील इतर लेकरांना प्रतिबंधक औषध सुरू करण्याविषयी डॉक्टरांस विचारण्यात हयगय करू नये. ‘आमच्याकडे असले काही नाही’ हे घरच्या अब्रूसाठी दिले जाणारे उत्तर आशाताईंना दारोदार ऐकावे लागते. ते कृपा करून देऊ नये. जन्मतः बीसीजी टोचली आहे, एवढ्यावरही कोणी निर्धास्त राहू नये.

उपचार साधारणतः सहा महिन्यांचा असून सरकारी दवाखान्यात औषधे विनामूल्य मिळतात. शिवाय पोषणासाठी दरमहा पाचशे रुपयांची जी तजवीज २०१८ साली झाली, ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार करण्यात आली आहे. औषध सुरू होताच लघवी तांबूस-नारिंगी होते. ते रक्त नव्हे, गोळीचा रंग होय, त्यास भिऊन औषध तोडू नये. मात्र डोळे पिवळे दिसून उलट्या होऊ लागल्यास डॉक्टरांस विनाविलंब दाखवावे. खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, मूल हसू-खेळू लागल्यावर, ‘आता बरे झाले’ म्हणून गोळ्या फडताळात ठेवून देण्यात आहे. कारण अर्धवट सोडलेल्या रोगात ते पातळ आवरण जाड व कठीण होऊन हृदयास आवळू लागते, आणि मग छाती उघडून ते सोलून काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करण्याची पाळी येते.

विशेष विनंती ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांना व त्यांच्या मुकादमांना. रुग्णाची नोंद सरकारी दप्तरी झालेली असल्याने औषध कारखान्याच्या गावीही मिळू शकते. तरी निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात इतल्ला द्यावी, मुलाचे कागद व प्रवासापुरत्या गोळ्या सोबत घ्याव्यात, आणि उचल देताना ज्या मुकादमाने घरातील कोयते मोजले, त्याने औषध चालू असलेली मुलेही वहीत टिपून ठेवावीत व कारखान्याच्या गावी पोहोचताच तेथील दवाखान्यात रुजू करावीत.