पत्रकारिता आणि वाक्यातील कर्ता



मराठी घेऊन पदवी मिळविणाऱ्याने पुढे पत्रकारितेचा अभ्यासक्रम करावा का, असे सातारा-सांगलीच्या संपर्कसत्रांत मला नेहमी विचारले जाते. अवश्य करावा, परंतु त्या घाईत व्याकरणाची उपेक्षा करू नये, असे माझे मत आहे.

गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. १८८१ मध्ये ते ‘केसरी’चे पहिले संपादक झाले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. याच संपादकाने ‘वाक्यमीमांसा’ हा व्याकरणग्रंथही लिहिला, हे आपण सहसा विसरतो. मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

पावसाळ्यात आपण वाचतो : ‘कोयना धरणातून विसर्ग वाढविण्यात आला असून नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.’ विसर्ग कोणी वाढविला? केव्हा? किती क्युसेक? या वाक्यातून कर्ता नाहीसा झाला आहे. कोयना कराडला कृष्णेस मिळते आणि ते पाणी सांगलीस पोहोचते. तेथील वाचकाला आयर्विन पुलाजवळची पातळी हवी असते. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे तेथे लहान मुलांनाही ठाऊक असते. २०१९ च्या महापुरानंतर तरी कर्ता गाळण्याची ही सवय केवळ शैलीदोष मानता येणार नाही. प्रयोगविचाराच्या पाठाला कंटाळणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा!

आता उपजीविकेविषयी. तालुका वार्ताहराचे मानधन अनेकदा तुटपुंजे असते आणि जाहिराती गोळा करण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडते. म्हणून हातची नोकरी किंवा शेती सोडून या वाटेने एकदम निघू नका. उपसंपादन, मुद्रितशोधन, भाषांतर, आकाशवाणीसाठी लेखन-निवेदन ही कामे भाषेवर पकड असणाऱ्याला मिळू शकतात. शासनाच्या माहिती खात्यातील पदांसाठी मात्र पत्रकारितेच्या पदवी-पदविकेची अट असू शकते. जाहिरात नीट वाचूनच प्रवेशाचा निर्णय घ्यावा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

तोपर्यंत एवढे करा. आपल्या तालुक्याच्या बातम्यांचे पान घेऊन प्रत्येक वाक्यातील कर्ता अधोरेखित करा. जेथे तो सापडणार नाही, तेथे माहितीसाठी कोणाला दूरध्वनी करावा लागेल, ते समासात लिहा. ते पान पुढील संपर्कसत्रास सोबत आणा.