रिमोटच्या गाड्या : तीनच घ्या, पण चालवा

"डॉक्टर, तुम्ही चालायला सांगता, पण नुसतं चालायचा कंटाळा येतो हो." मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेले वजन घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधी ना कधी हे वाक्य बोलतात. त्यात खोटे काही नाही. काही काम असेल तर माणूस चार किलोमीटर सहज चालतो, पण 'व्यायाम' म्हणून चालायचे म्हटले की दुसऱ्याच आठवड्यात पाय जड होतात. म्हणून आज मी तुम्हाला एक वेगळे कारण सुचवणार आहे. ते म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणारी मॉडेल गाडी, जिला हौशी लोक आरसी कार म्हणतात.

डॉक्टरने खेळण्यांवर लिहावे का, असे तुम्हाला वाटेल. पण हा छंद फक्त मुलांचा नाही. जपानच्या तामिया कंपनीने आपली पहिली आरसी गाडी १९७६ साली काढली. ती पोर्शे ९३४ ची प्रतिकृती होती. त्यानंतर १९८४ मध्ये आलेली ग्रासहॉपर ही बग्गी जगभर पोहोचली. त्या काळात ज्यांनी अशी गाडी फक्त मासिकात पाहिली ते आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना ती आता परवडते, आणि जुनी मॉडेल्स कंपनीने पुन्हा बाजारात आणली आहेत. म्हणजे ज्या वयात मी लोकांना चालायला सांगतो, त्याच वयात ही हौस पुन्हा डोके वर काढते.

अडचण पुढे येते. पहिली गाडी येते, मग दुसरी, मग सहावी. खोकी कपाटावर चढतात आणि माणूस सोफ्यावर बसून मोबाईलवर सातवी गाडी पाहत राहतो. आरोग्याच्या दृष्टीने हा छंद मग टीव्हीपेक्षा वेगळा उरत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : गाड्या तीनच घ्या, प्रत्येकीची चालवायची जागा वेगळी असू द्या आणि पहिली गाडी हळू चालणारी घ्या.

आधी एक फरक समजून घ्या

जत्रेत किंवा दुकानात मिळणारी रिमोटची गाडी बिघडली की फेकावी लागते. आरसी मॉडेलचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. गिअर तुटला तर गिअर बदलायचा, चाक निखळले तर चाक बसवायचे. तिच्या आकाराला 'स्केल' म्हणतात. १/१० म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश. ती साधारण हातभर लांब असते. १/२४ ची गाडी तळहाताएवढी असते. गाडी घेण्याआधी तिचे सुटे भाग भारतात मिळतात का, हे जरूर विचारा. भागांसाठी तीन महिने थांबावे लागले की गाडी कपाटात जाते आणि तुम्ही पुन्हा सोफ्यावर.

पहिली गाडी : हळू चालणारी

दुकानदार आधी वेग सांगतो. मी उलटे सांगेन. पहिली गाडी क्रॉलर घ्या. क्रॉलर म्हणजे दगडधोंड्यांवरून रांगत चढणारी, मोठ्या मऊ चाकांची, चारही चाकांना जोर असलेली गाडी. ॲक्सियल कंपनीची एससीएक्स१० किंवा ट्रॅक्सासची टीआरएक्स-४ या त्यातल्या ओळखीच्या गाड्या. त्यांचा वेग माणसाच्या चालण्याएवढा किंवा थोडासा जास्त असतो.

यात डॉक्टरला रस का? कारण सोपे आहे. वेगवान गाडी मैदानात फिरते आणि चालवणारा मधोमध खांबासारखा उभा राहतो. क्रॉलरचे चाक कोणत्या दगडावर टेकले आहे, हे लांबून दिसत नाही. त्यामुळे तुम्हाला तिच्या मागे जावेच लागते, बाजूला वळून पाहावे लागते, परत यावे लागते. गाडी जितकी हळू, तितके तुम्ही जास्त चालता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागणे. क्रॉलरमागे थांबत थांबत फिरताना तेवढा दम लागत नाही, म्हणून ती सगळी मिनिटे हिशेबात धरू नका. उपाय असा की गाडी पाठीवरच्या सॅकमध्ये घाला आणि चालवायच्या जागेपर्यंत पायी, जरा झपझप जा. जायला पंधरा मिनिटे आणि यायला पंधरा. आठवड्यातून पाच दिवस असे केले की तिथेच १५० मिनिटे झाली. गाडीमागे फिरणे हा वरचा नफा.

जागेची आपल्याकडे कमतरता नाही. देशावर काळा कातळ आहे, कोकणात जांभ्याचे सडे आहेत. टेकडी वनखात्याची असेल तर पायवाट सोडू नका आणि पक्ष्यांच्या घरट्यांजवळ जाऊ नका. ज्यांचा तोल जातो किंवा जे आधी कधी पडले आहेत, त्यांनी मात्र कातळावर जाऊ नये. सोसायटीच्या बागेत चार विटा, एक फळी आणि थोडी खडी टाकली की सपाट जागेवरही गाडीला पुरेशी चढण मिळते.

दुसरी गाडी : पावसाळ्यातली

जून ते सप्टेंबर बाहेर चिखल असतो. पाणी आणि बारीक माती इलेक्ट्रॉनिक्समध्ये व बेअरिंगमध्ये गेली की खर्च वाढतो. या चार महिन्यांत सवय मोडते आणि एकदा मोडली की दिवाळीपर्यंत परत लागत नाही. म्हणून दुसरी गाडी घरात चालणारी, लहान असावी. क्योशो कंपनीची मिनी-झेड ही मालिका १९९९ पासून आहे. ती चार ट्रिपल-ए सेलवर चालते. किंवा १/२४ स्केलचा छोटा क्रॉलर घ्या. उशा, पुस्तके, पाट यांची चढण करून नातवंडांबरोबर तासभर मजेत जातो.

इथे तीन गोष्टी सांभाळा. एक, लहान गाडीचे स्क्रू फार बारीक असतात. चाळिशीचा चष्मा, मोतीबिंदू किंवा बोटांचा संधिवात असेल तर दुरुस्ती त्रासाची होते. अशांनी घरासाठीही थोडी मोठी गाडी निवडावी. दोन, खेळ संपला की गाडी लगेच खोक्यात ठेवा. रात्री बाथरूमला जाताना जमिनीवरच्या छोट्या गाडीवर पाय पडून खुब्याचे हाड मोडणे, ही सत्तरीतल्या माणसासाठी अतिशय गंभीर गोष्ट आहे. तीन, घरात लहान मूल असेल तर गोल चपटे बटण सेल कुठेही सुटे ठेवू नका. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे खोल भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, मुलाला थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

तिसरी गाडी : रविवारची

तिसरी गाडी पळणारी असू द्या, कारण आनंदही हवा आणि सोबतही. १/१० ची साधी बग्गी, दोन चाकांना जोर आणि '५४०' म्हणून ओळखली जाणारी साधी मोटर. ताशी २५-३० किलोमीटर वेग मोकळ्या मैदानात पुरेसा वाटतो. दोन मित्र, दोन गाड्या, चार जुने टायर वळणासाठी ठेवले की शर्यत सुरू. निवृत्तीनंतर माणसे एकटी पडतात. दर रविवारी कुणीतरी आपली वाट पाहते आहे, याची गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही. मुलांनाही सोबत न्या. मुले जितका वेळ उघड्यावर असतात, तितकी जवळच्या नंबरचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे.

ताशी ८०-१०० किलोमीटर जाणाऱ्या गाड्याही मिळतात. त्या मी सुचवत नाही. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग तिप्पट झाला की जोर नऊपट होतो. दोन-अडीच किलोची गाडी ताशी ३० ने पायाला लागली तर सूज येईल, ९० ने लागली तर हाड मोडेल. मैदानात मुले असतात, कुत्री असतात. आणि रस्त्यावर कोणतीही आरसी गाडी कधीच चालवू नका.

नायट्रो इंधनावर चालणाऱ्या गाड्यांचा आवाज काहींना आवडतो. त्या इंधनात मिथेनॉल असते. ते पोटात गेले तर दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. मुले असलेल्या घरात पाण्याच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या डब्यात असे इंधन नको. विजेवरची गाडीच बरी.

चौथी का नको?

कारण बॅटरी. प्रत्येक गाडीबरोबर बॅटऱ्या येतात आणि त्यांची निगा राखावी लागते. हलक्या आणि ताकदवान लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो, बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. आठवडाभर वापरायची नसेल तर ती ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावी लागते. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी महिनोन्महिने पडून राहिली की खराब होते, फुगते. फुगलेली लिपो पेट घेऊ शकते, आणि ती आग विझवणे सोपे नसते. तीन गाड्यांच्या बॅटऱ्यांकडे लक्ष देता येते. बारा गाड्यांच्या बॅटऱ्या कपाटात विसरल्या जातात.

नवख्यांनी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीने सुरुवात करावी, असे माझे मत. ती जड असते, पण चुका सोसते. लिपो वापरत असाल तर चार नियम पाळा : झोपताना किंवा घराबाहेर जाताना चार्जिंग नाही, चार्जर लिपोसाठीचाच, चार्जिंग फरशीवर आणि गादी-पडद्यांपासून दूर, फुगलेली बॅटरी टोचायची नाही आणि कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्यायची.

काही जण म्हणतील, "आम्हाला गाड्या नुसत्या पाहायला आवडतात, त्यात काय बिघडलं?" काहीच बिघडले नाही. संग्रह करणे हा आजार नाही. साठवणुकीचा विकार ही वेगळी गोष्ट आहे. त्यात वस्तू टाकवत नाहीत, त्यांचा ढीग होतो आणि घरात वावरणे अवघड होते. काचेच्या कपाटात मांडलेल्या गाड्यांना तसे म्हणणे अन्याय होईल. पण मग तो संग्रह आहे, हालचाल नाही. 'माझा छंद मला फिट ठेवतो' असे म्हणायचे असेल तर गाडीच्या चाकांना माती लागलेली दिसली पाहिजे. नवीन गाडी घ्यावीशी वाटली तर आधी तिघींपैकी एक भाच्याला किंवा शाळेच्या विज्ञान मंडळाला द्या, मग घ्या.

तुमच्या तब्येतीप्रमाणे

- मधुमेह असेल तर मैदानात अनवाणी किंवा चपलेत जाऊ नका. बंद बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे पाहा. संवेदना कमी झालेल्या पायाला खडा टोचलेलाही कळत नाही.
- कंबरदुखी असेल तर उलटलेली गाडी उचलताना कमरेत वाकू नका, गुडघ्यांत वाका. गुडघेही दुखत असतील तर आकडा लावलेली काठी बरोबर ठेवा.
- पेसमेकर असेल तर मोटर (तिच्यात चुंबक असते) आणि रिमोट छातीपासून किमान १५ सेंटीमीटर लांब धरा, आणि आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.
- नजर कमी असेल तर काळ्या दगडावर उठून दिसणारी पिवळी किंवा नारिंगी बॉडी निवडा.
- चालताना छातीत दाब आला, दम लागून थांबावे लागले तर खेळ तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. गाडी उद्याही चालेल.

विकत घेण्याआधी

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर तीन उत्तरे लिहा. ही गाडी मी कोणत्या जागी चालवणार? आठवड्यातल्या कोणत्या वारी, किती वाजता? आणि माझ्याबरोबर कोण असेल? तिन्ही उत्तरे लिहिता आली तर गाडी जरूर घ्या. पहिल्याच प्रश्नाला अडखळलात तर पैसे तूर्त खिशात ठेवा आणि उद्या सकाळी ती जागा शोधायला पायी बाहेर पडा. ती सापडेपर्यंत दोन-तीन किलोमीटर चालणे झालेले असेल.