पावलांची जयणा



सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. थोडे चालल्यावर ती ओसरते. दिवसभर गल्ल्यामागे उभे राहिल्यावर सायंकाळी पुन्हा उठते. पेढीवर बसणाऱ्या-उठणाऱ्या कित्येक बांधवांची ही तक्रार आहे. घरातील वडीलधारे म्हणतात, "सहन करावे. मुनिमहाराज अनवाणी विहार करतातच ना!"

मुनिजीवनातील २२ परीषहांत 'चर्या' हा एक परीषह आहे. साधू तो समभावाने सोसतात. परंतु आखूड बुटामुळे ओढवून घेतलेले दुखणे हे तप नव्हे, ते केवळ दुर्लक्ष होय.

माल घेताना आपण वजन-माप काटेकोर पाहतो. स्वतःच्या पायाचे माप मात्र वीस वर्षांपूर्वीचेच सांगतो. वयाबरोबर पाऊल पसरते आणि दिवसअखेरीस किंचित सुजते. म्हणून बूट सायंकाळी घ्यावेत, दोन्ही पावले उभ्याने मोजावीत आणि मोठ्या पावलाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटीमीटर जागा असावी. बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. टाचेमागील भाग भक्कम असावा.

चामडे आपण वर्ज्य मानतो, ते उचितच आहे. मात्र त्याऐवजी घेतलेल्या रेक्झिनच्या बुटात घाम कोंडतो आणि ओलसर त्वचेवर फोड येतात. कॅनव्हासचे किंवा जाळीदार कापडाचे बूट त्यापेक्षा बरे. आतील तळवाही चामड्याचा नाही ना, हे विचारून घ्यावे. दोन जोड आलटून पालटून वापरल्यास प्रत्येकाला सुकण्यास अवधी मिळतो.

टाचदुखीसाठी भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा. गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून पुढे झुकावे. पोटरीला बसणारा ताण ३० सेकंद धरावा. असे तीनदा करावे. घरातील कठीण फरशीवर मऊ तळव्याची चप्पल वापरावी. आराम पडण्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. तेव्हा धीर सोडू नये. सूज किंवा बधिरपणा असल्यास, अथवा दुखणे वाढतच असल्यास, वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मधुमेही बांधवांनी विशेष सावध राहावे. त्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असू शकते. बूट चावला तरी कळत नाही आणि छोट्या फोडाची जखम चिघळते. उन्हाळ्यात मंदिराच्या तापलेल्या फरशीवरही पाय भाजल्याचे ध्यानात येत नाही. अशांनी सकाळी लवकर दर्शनास जावे. अनवाणी यात्रेचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

येथे आपली जयणा दुहेरी उपयोगी पडते. बूट घालण्यापूर्वी तो आतून पाहावा आणि हलकेच झटकावा. आत शिरलेला लहानसा जीव वाचतो, आणि खडा किंवा टाचणी असल्यास आपला पायही वाचतो. वस्त्र-पात्रांच्या पडिलेहणाची शिकवण आपल्याला आहेच. तीच दृष्टी रोज रात्री स्वतःच्या तळव्यांकडे वळवावी.

ज्येष्ठांना खाली वाकून तळवे पाहता येत नाहीत. आपण त्यांचा चरणस्पर्श करतोच. आज तो करताना त्यांची पावले नीट पाहावीत, आणि बूट कुठे चावतो हे आपणहून विचारावे.