विश्लेषण : विमानात सलग १९ तास… म्हणजे नेमके किती?

सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारे थेट विमान सुमारे १५,३०० किलोमीटरचे अंतर जवळपास १९ तासांत कापते. जगातील सर्वांत लांब विनाथांबा प्रवासी उड्डाण म्हणून ते ओळखले जाते. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीला २०२७ मध्ये सिडनी-लंडन असे थेट विमान सुरू करायचे आहे. तो प्रवास २२ तासांपर्यंतचा असेल. हे आकडे किती मोठे आहेत?

अंतर किती?
पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून जास्तीत जास्त २०,००० किलोमीटर दूर असू शकतात. सिंगापूरचे विमान यातील तीन-चतुर्थांश अंतर एका दमात कापते. मुंबई-पुणे अंतराच्या तुलनेत हे शंभरपट झाले.

आणि वेळ?
मुंबई-दिल्ली राजधानी एक्स्प्रेसला साधारण १६ तास लागतात. विमानाचे १९ तास म्हणजे दिल्लीला पोहोचल्यावर आणखी तीन तास त्याच डब्यात बसून राहणे. फरक इतकाच, की राजधानीत आडवे व्हायला बर्थ मिळतो. १९४७ मध्ये क्वांटासच्या सिडनी-लंडन प्रवासाला चार दिवस लागत. पण वाटेत कोलकाता, कराचीसह सहा थांबे होते.

शरीरावर काय परिणाम होतो?
आधुनिक विमानातही केबिनमधील हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवला जातो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही थोडी विरळ हवा. ती कोरडीही असते. त्यात पाय लोंबते ठेवून तासन् तास बसणे. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये म्हटले होते. अर्थात, मूळ धोका कमी आहे : सुमारे सहा हजारांत एक.

खरा प्रश्न आसनाचा
सिंगापूर एअरलाइन्सच्या या विमानात फक्त १६१ आसने आहेत. ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. क्वांटासच्या नव्या विमानात मात्र २३८ पैकी १४० आसने इकॉनॉमीची असतील आणि दोन आसनांतील अंतर ३३ इंच. पाय मोकळे करायला वेगळी जागा ठेवली जाणार आहे, हे चांगलेच. पण एक थांबा घेणाऱ्या प्रवासाच्या तुलनेत वाचणार आहेत जास्तीत जास्त चार तास. चार तास वाचवण्यासाठी २२ तास सलग बसायचे, असा हा सौदा आहे. पाठ टेकवून झोपता येत असेल तर तो फायद्याचा. ३३ इंचांत तो महागच म्हणायला हवा.

आपला काय संबंध?
मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानानेही सुमारे १६ तास लागतात. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना भेटायला निघालेले अनेक आई-बाबा इकॉनॉमीतूनच जातात. अनोळखी विमानतळावर गेट शोधण्याची धावपळ नको म्हणून मुले थेट विमान निवडतात. ही काळजी रास्त आहे. पण गुडघे दुखणाऱ्या, पायांना सूज येणाऱ्या माणसासाठी मधला तीन तासांचा थांबा हा वेळेचा अपव्यय नसतो. तेवढ्यात चार पावले चालता येते, व्हीलचेअरची मदत आधीच मागून ठेवता येते. थेट विमानच घ्यायचे असेल, तर निदान जाण्या-येण्याच्या वाटेलगतचे आसन घ्यावे, दर दोन तासांनी उठावे आणि आधी गुठळीचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारावे.

उड्डाणाच्या विक्रमाचे कौतुक जरूर व्हावे. तिकीट काढताना मात्र ‘किती तासांत पोहोचणार?’ याआधी ‘कोण बसणार आणि कुठे?’ हे विचारायला हवे.