राखेखालचा निखारा

पूर्वी घरोघरी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवीत. वरून राख थंड दिसे. पण तीत हात घालण्याचे धाडस कोणी करीत नसे, कारण आत काय आहे हे साऱ्या घराला ठाऊक असे. किरणोत्सर्गी पदार्थांची गोष्ट अशीच आहे. फरक इतकाच, की येथे निखारा झाकणारा एक आणि राख उपसणारा भलताच असतो.

किरणोत्सर्गी कचरा म्हटला की अणुवीजकेंद्र डोळ्यांसमोर येते. परंतु रुग्णालये, प्रयोगशाळा व कारखाने यांतही असे पदार्थ वापरतात. आपल्या हिमायतनगरात तपासणी केंद्रांच्या पाट्या जागोजाग दिसतात, तेव्हा एक गैरसमज आधी दूर करू. क्ष-किरणांच्या यंत्रात किरणोत्सर्गी पदार्थ नसतो. वीज बंद केली की किरणही थांबतात. कर्करोगावरील कोबाल्टचे यंत्र मात्र निराळे. त्यातील धातूचे किरण कधीच थांबत नाहीत. यंत्र निवृत्त झाले तरी तो धातू जड कवचाआड कोंडूनच ठेवावा लागतो.

असा सगळाच कचरा दूर पाठवावा लागत नाही. थायरॉइडच्या उपचारातील आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. ऐंशी दिवस जपून ठेवले, तर हजारावा भागही उरत नाही. कोबाल्ट-६० निम्मे होण्यास सव्वापाच वर्षे लागतात, सीझियम-१३७ ला तीस. इतका काळ एखाद्या संस्थेची आठवण शाबूत राहील, याची हमी कोणी द्यावी?

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली कॅनडाहून गॅमा किरणांचे एक यंत्र आणविले होते. १९८५ पासून ते पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडले गेले. कोबाल्टची मूळ शक्ती तोवर अडीचशेव्या हिश्शावर आली होती. तरीही एप्रिलमध्ये एका कामगाराचा प्राण गेला व इतर काही जण गंभीर आजारी पडले. ज्याच्या हातून ते फुटले, त्याला ते काय आहे हे कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणूनच एक कोठार आणि एक नोंदवही हवी. आपल्याकडे वापर संपलेला स्रोत पुरवठादाराकडे परत जावा असा दंडक आहे : परदेशी असेल तर मूळ देशी, येथला असेल तर वाशीच्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडे. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ त्यावर देखरेख ठेवते. ‘साऱ्यांचा कचरा आमच्याच शेजारी का?’ हा कोठाराजवळच्या रहिवाशांचा प्रश्न रास्त आहे. तेथे काय व किती ठेवले आहे, हे त्यांना कळलेच पाहिजे. पण शंभर कपाटांच्या शंभर किल्ल्या हरवण्यापेक्षा एका तिजोरीवर जागता पहारा बरा.

आपल्या वाचकांत प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, संस्थांचे विश्वस्तही आहेत. जुन्या सामानाच्या विक्रीची यादी सहीसाठी समोर आली, तर ‘जड यंत्र, नग एक’ अशा ओळीपाशी थोडे थांबावे. ते कोणते, कोठून आले, त्यावर तीन पाकळ्यांचे चिन्ह आहे काय, हे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत सही करू नये. त्या यादीच्या दुसऱ्या टोकाला हातोडा घेतलेला एक माणूस उभा असतो.