घरातील रोपे आणि दिव्याचा उजेड

बेळगावात टिळकवाडी, शहापूर, अनगोळ या भागांत जुन्या घरांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि अंगणातील तुळस बंदिस्त गॅलरीत येऊन बसली. उन्हाळ्यात ती कशीबशी तग धरते; परंतु मृग लागून आभाळ झाकोळले, की आमच्या या भागात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन दुर्मिळ होते, आणि तुळशीची पाने पिवळी पडून गळू लागतात. अशा घरांतून हल्ली गुलाबी-जांभळ्या उजेडाचे 'खास रोपांचे दिवे' आणले जाऊ लागले आहेत. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाने त्यांवर खर्च करावा काय? आमचे स्पष्ट मत असे, की करू नये.

गुलाबी उजेडामागे शास्त्र नाही असे नव्हे. पानांतील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषते, हे आमचे विद्यार्थी शिकतातच. त्यावरून बाकीचे रंग वाया जातात असा तर्क काढला जातो, तो मात्र अपुरा आहे. हिरवा प्रकाशही पानाच्या आतील थरांपर्यंत पोचून उपयोगी पडतो. शिवाय घरातील साधा पांढरा एलईडी दिवा मुळात निळाच असतो. त्यावरील पिवळसर लेपामुळे तो पांढरा भासतो. ज्या निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तोच हा दिवा. त्यात निळा, हिरवा, तांबडा असे सारेच रंग येतात. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. गुलाबी उजेडात पानावरचा पिवळेपणा किंवा कीड ओळखूच येत नाही.

साधा दिवा आता महागही राहिलेला नाही. २०१४ च्या आरंभी सरकारी खरेदीत एका एलईडी दिव्यामागे सुमारे ३१० रुपये पडत. २०१६ मध्ये तो दर ३८ रुपयांपर्यंत उतरला. विकत घेताना खोक्यावरील ठळक आकड्यास भुलू नये. पुष्कळदा '१००० वॅट' मोठ्या अक्षरांत असते आणि दिवा प्रत्यक्षात किती वीज घेतो ते कोपऱ्यात बारीक छापलेले असते. उजेडाचे माप ल्युमेन हे होय. एका वॅटमागे शंभराच्या आसपास ल्युमेन मिळत असतील, तर दिवा चांगला समजावा.

खरी फसगत रंगात नसून अंतरात होते. दिवा छताला आणि कुंडी जमिनीवर, असा थाट अनेक घरांत दिसतो. अंतर दुप्पट झाले, की उजेड चौथाई उरतो, हा हिशेब नववीतील मुलालाही करता येईल. एलईडीची आच जुन्या तारेच्या दिव्यासारखी नसते, म्हणून तो रोपाच्या शेंड्यापासून वीतभर अंतरावर टांगला तरी पाने करपत नाहीत. नऊ वॅटचा दिवा तेथे जे काम करतो, ते छतावरील महागड्या दिव्याच्याने होत नाही.

दिवा किती वेळ लावावा, याचे उत्तर निपाणीच्या मुलांना ओळखीच्या वाटणाऱ्या पिकानेच दिले आहे. अमेरिकेत तंबाखूची एक जात उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचगृहात मात्र तिची लहान रोपेही फुलत. गार्नर व ॲलार्ड या शास्त्रज्ञांनी १९१८ च्या उन्हाळ्यात ती रोपे रोज काही तास अंधारात ठेवली, तेव्हा ती उन्हाळ्यातच फुलली. १९२० मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. वनस्पती दिवसाची लांबीही ओळखते, हे त्यामुळे जगास कळले. दिवाणखान्यात मध्यरात्रीपर्यंत उजेडात ठेवलेली शेवंती का फुलत नाही, याचे कारण हेच. म्हणून बारा तास दिवा पुरे. रात्री रोपाला अंधार मिळालाच पाहिजे.

आता खर्च पाहू. नऊ वॅटचा दिवा रोज बारा तास जळल्यास महिन्याला सव्वातीन युनिटांहून किंचित कमी वीज लागते. युनिटला सात रुपये धरले, तरी हे तेवीस रुपयांच्या आत येते. पावसाळ्याचे चार महिने तुळस जगविण्यासाठी किंवा मिरची-वांग्याची रोपे तयार करण्यासाठी एवढे कोणीही खुशाल खर्चावे. मेथीचे मात्र तसे नाही. तिला वीस वॅटच्या दोन नळ्या चौदा तास लावल्या, तर महिन्याचे वीजबिल सव्वाशेच्या घरात जाते, आणि हाती येते जेमतेम दोन-तीन जुड्यांची भाजी. ती मंडईतून आणणेच शहाणपणाचे. मनीप्लँटसारख्या वेलीला तर खिडकीजवळचा उजेडच पुरतो; तिच्यासाठी दिवा आणणे ही निव्वळ हौस. ज्या इमारतींच्या गच्चीला कुलूप असते, तेथील मंडळींनी दिव्याच्या दुकानात जाण्यापूर्वी किल्ली मागून पाहावी.

मुलांनी हा प्रयोग घरी करताना जोडणी वडीलधाऱ्यांकडून करून घ्यावी. पाणी घालण्यापूर्वी बटण बंद करावे आणि वायर प्लगकडे नेताना मध्ये खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये न शिरता झोळापाशीच गळून पडते.